तुळशीबागेतला स्टीलचा मेजरिंग कप संच

चार कप, चार चमचे. माप खरं आहे: काट्यावर रिकामा कप ठेवून शून्य केलं आणि काठोकाठ पाणी भरलं, तर मोठ्या कपात २३८ ग्रॅम बसलं, हवं २४०. काठ सपाट असल्याने सुरीची पाठ फिरवून पीठ सारखं करता येतं.

पण मैद्याला जपा. चमच्याने हलकेच भरला तर कपात १२० ग्रॅम, डब्यात कप खुपसून काढला तर दीडशेच्या आसपास. नानकटाईचा भुगा होतो तो इथेच! साखर मात्र कशीही भरा, २०० ग्रॅम. पाव चमचा सोड्याला घरचा काटा भरवशाचा नाही, तिथे छोटा चमचाच हवा.

आकडे नुसते छापलेत, घासणीने पुसतात. कोरलेले हवे होते.