फादरांची मोठी शाळा की सिस्टरांची लहान?

जानेवारी लागला की इंदूरच्या सुदामानगर, लोकमान्यनगरकडचे ओळखीचे पालक विचारू लागतात, ‘पहिलीला कॉन्व्हेंटच हवंय, पण कोणतं?’ आमची लेक दोन्हीकडे शिकली. पहिली चर्चच्या आवारातल्या, फादर चालवतात त्या मोठ्या शाळेत आणि दुसरीपासून सिस्टरांच्या लहान शाळेत. फी, बोर्ड, व्हॅन ही चौकशी तुम्ही केलीच असेल. मी लिहितोय ते तिथल्या धार्मिक वातावरणाबद्दल आणि सगळी शाळा मिळून जे करते त्याबद्दल. आम्ही शाळा बदलली ती त्याचपायी.

आधी बहुतेकांच्या मनातली शंका. मुलांना ख्रिस्ती प्रार्थना करायला लावतात का? सरकारमान्य शाळेत पालकांच्या संमतीशिवाय मुलाला धर्मशिक्षणाला बसवता येत नाही, हे संविधानाच्या कलम २८ मध्येच आहे. एप्रिल २०२४ मध्ये भारतातल्या कॅथलिक बिशपांच्या परिषदेनेही आपल्या शाळांना मार्गदर्शक सूचना दिल्या: इतर धर्मांच्या मुलांवर आपल्या परंपरा लादू नका, असेंब्लीत संविधानाची प्रास्ताविका म्हणा. आम्हाला तरी दोन्हीकडे जबरदस्ती दिसली नाही. माझ्या आईला सुरुवातीला धास्ती होती. एकदा नातीला आणायला गेली, फाटकाशी मरियामातेची गुहा पाहिली, चपला काढून हात जोडले आणि मग काही बोलली नाही.

मोठ्या शाळेचा नाताळ मी अजून विसरलेलो नाही. खोलीएवढा गोठा, त्यात गवत, मातीची गुरं, आणि शेकडो पोरांनी एका सुरात म्हटलेली कॅरोल्स. फादरांनी असेंब्लीत सांगितलं होतं की गोठा मांडण्याची ही रीत संत फ्रान्सिसची. त्याने १२२३ साली इटलीतल्या ग्रेच्चो गावात खरा बैल आणि खरं गाढव उभं करून तो देखावा केला होता. लेक घरी येऊन आठवडाभर तेच सांगत होती. स्टेज, गाणं, बँड याची आवड असलेल्या मुलाला तिथे जेवढी संधी मिळेल तेवढी लहान शाळेत मिळणार नाही. घर कॅथलिक असेल तर माझा सल्ला बहुधा मोठ्या शाळेकडेच झुकेल. चर्च शेजारी, फादर ओळखीचे, पहिल्या कम्युनियनची, म्हणजे मुलांना चर्चमध्ये प्रथमच प्रसाद मिळतो त्या विधीची, तयारी तिथल्या तिथे. लहान शाळेतल्या कॅथलिक मुलांना त्यासाठी रविवारी वेगळं पॅरिशमध्ये, म्हणजे आपल्या भागातल्या चर्चमध्ये, जावं लागतं.

आमचं अडलं ते एका तासापाशी.

आठवड्यातून दोनदा कॅथलिक मुलं कॅटेकिझमसाठी, म्हणजे त्यांच्या धर्मशिक्षणासाठी, चॅपलमध्ये जायची. बाकीच्यांना वेळापत्रकात ‘मॉरल सायन्स’. प्रत्यक्षात त्या तासाला अर्धवट राहिलेल्या कॉप्या, म्हणजे वह्या, पूर्ण करून घ्यायचे आणि टीचर टेबलावर वह्या तपासायच्या. मी ऑक्टोबरच्या पालकसभेत विषय काढला. कोर्स पूर्ण करायचा असतो, असं उत्तर मिळालं, तेही अगदी नम्रपणे. मार्चमध्ये पुस्तकांची आवराआवर करताना मॉरल सायन्सचं पुस्तक उघडलं, तर चौथ्या धड्यापुढे पेन्सिलीची एक खूण नव्हती. याच वर्षात एकदा लेकीने विचारलं होतं, ‘बाबा, ते सगळे देवाकडे जातात, मग आम्ही कॉपी का लिहितो?’ तिला चॅपलमध्ये बसवा असं माझं म्हणणं नव्हतंच. पण चांगुलपणाचा तास दुसऱ्यांचा आणि आपला तास उरलेल्या कामाचा, एवढंच सहा वर्षांच्या मुलीच्या मनात बसत होतं. एखाद्याला ही किरकोळ बाब वाटेल. मला ती रात्री झोपू देईना.

लहान शाळेत तो तास सिस्टर स्वतः घेतात आणि सगळा वर्ग एकत्र बसतो. तिथेच लेकीने सिस्टर राणी मारियांची गोष्ट ऐकली. केरळातून आलेल्या, इंदूरपासून फार लांब नसलेल्या उदयनगर भागात आदिवासींना सावकारांच्या तावडीतून सोडवायला धडपडलेल्या या सिस्टरांची २५ फेब्रुवारी १९९५ रोजी बसमध्ये हत्या झाली. ४ नोव्हेंबर २०१७ ला इंदूरमध्येच त्यांना ‘धन्य’ (संतपदाच्या आधीची पायरी) घोषित करण्यात आलं. मुलांना सिस्टरांनी रक्तपात सांगितला नाही. राणी मारियांच्या सख्ख्या बहिणीने, त्याही सिस्टरच, तुरुंगात जाऊन मारेकऱ्याला राखी बांधली, ते सांगितलं. त्या वर्षी राखीला आमच्या घरी, भांडण झालेल्या चुलतभावाला राखी बांधायची की नाही याचा निकाल लेकीने स्वतःच लावला.

ईस्टरच्या आधीच्या चाळीस दिवसांत मोठ्या शाळेतून एक पाकीट यायचं. त्यात पैसे आम्हीच भरायचो. लहान शाळेत मुलांनी रोज घरून मूठभर धान्य बाजूला काढायचं. माझ्या आईला हे समजावून सांगावं लागलं नाही. तिची सासू स्वयंपाकाला तांदूळ घेताना अशीच एक मूठ वेगळी ठेवायची. शेवटी ते धान्य घेऊन मुलं वृद्धाश्रमात गेली, आजी-आजोबांजवळ बसली, पाढे म्हणून दाखवून आली. २०२४ साली रंगपंचमी ३० मार्चला होती आणि ईस्टर दुसऱ्याच दिवशी. राजवाड्यावरची गेर, म्हणजे रंगपंचमीची मिरवणूक, पाहून आलेली आमची पोरगी कानामागचा गुलाबी रंग तसाच घेऊन सिस्टरांना ईस्टरच्या शुभेच्छा द्यायला गेली, आणि सिस्टरांनी तिला जवळ घेतलं.

उणीव आहेच. सगळं एकदोन सिस्टरांवर अवलंबून असतं आणि त्यांच्या बदल्या होतात. नव्या सिस्टर तशाच असतील याची हमी कोणी देणार नाही. नाताळ अंगणात, एका कीबोर्डवर. सगळ्याच मोठ्या शाळांत तो तास असा वाया जातो असंही मी म्हणणार नाही. मी एकच पाहिली आहे.

म्हणून प्रवेशाआधी एवढं विचाराच: कॅटेकिझमच्या तासाला बाकीची मुलं काय करतात? जमलं तर तो तास चालू असतानाच वर्गावरून एक चक्कर मारून या.