एक पावसाळा, नऊ नीरफणस

मी नागपूरची. माहेरी कच्च्या फणसाची भाजी मटणाच्या मसाल्यात होते. त्यामुळे जूनमध्ये सासूबाईंनी दादरच्या मंडईत नीरफणस उचलला तेव्हा वाटलं, हा फणसाचाच बारका भाऊ असणार. कुळ एकच, पण चवीचा काही संबंध नाही. गरे नाहीत, तो घमघमाट नाही, आतून नुसता सलग पांढरा गर. शिजला की बटाटा आणि ताज्या पावाच्या मधलं काहीतरी लागतं.

आठळ्याही नाहीत, म्हणून झाड मुळाच्या फुटव्यावरून लावतात. याच अडचणीपायी १७८९ साली ताहितीहून वेस्ट इंडीजकडे गुलामांच्या स्वस्त जेवणासाठी हजारावर रोपं बाउंटी नावाच्या जहाजावर चढवली होती. खलाशांनी बंड केलं, कॅप्टन ब्लायला होडीत सोडलं आणि रोपं समुद्रात फेकली. काप खाल्ले असते तर निदान रोपं तरी ठेवली असती!

कारण खरी गंमत कापांतच. सुरीला आणि हाताला आधी खोबरेल, नाहीतर चीक हटत नाही. पहिल्या खेपेला मी तो घासणीने काढायला गेले, तर घासणीच फेकावी लागली. साल काढून चार फाका, मधला दांडा बाजूला, पातळ काप करून लगेच मिठाच्या पाण्यात. उघडे राहिले की काळे पडतात. मग हळद, तिखट, हिंग आणि चमचाभर कोकमाचं आगळ. रवा आणि तांदळाच्या पिठात घोळवून बिडाच्या तव्यावर मंद आचेवर, आधी झाकण ठेवून. वरून कुरकुरीत, आत जिभेने दाबला तरी मोडतो. श्रावणात आमच्याकडचे मासेखाऊ निमूट जेवले ते याच्याच जिवावर.

ओलं खोबरं घालून भाजीही केली. बरी होते. भजी बटाट्याच्या भज्यांहून उजवी.

तक्रार एकच: हे फळ थांबत नाही. दोन-तीन दिवसांत मऊ पडतं, फ्रीजमध्ये साल काळवंडते. पाचवा नीरफणस शनिवार-रविवार विसरले, तर पिठूळ गर गोड झाला होता. त्याचे काप आतून शिजायच्या आत बाहेरून करपले. उरलेल्यात गूळ-कणीक घालून घारगे केले. लेकाने चार खाल्ले, मला पटले नाहीत. एका भाजीवाल्याने तर "आजच आलाय" म्हणत मऊच गळ्यात मारला. आता मी दाबून बघते. टणक हवा आणि सालीवर सुकलेल्या चिकाचे थेंब हवेत. तो तयार झाल्याची ती खूण.

ऑगस्टमध्ये युक्ती सापडली. काप अर्धवट उकडून, कोरडे करून फ्रीजरमध्ये ठेवले. तीन आठवड्यांनी ते गारेगार काप तसेच तव्यावर टाकले, फरक कळला नाही. गणपतीनंतर मंडईत नीरफणस दिसेनासा झालाय. फ्रीजरमध्ये मटारच्या पिशवीमागे शेवटचे बारा काप आहेत. सासूबाईंना अजून सांगितलेलं नाही.