काल्डरच्या सहीचा लिथोग्राफ: मी ८५,००० रुपयांना फसलो

रावेरला मी आयुष्यभर चित्रकला शिकवली. तार आणि पत्र्याचे तुकडे देऊन मुलांकडून वाऱ्यावर डुलणारी शिल्पं करवून घ्यायचो, अमेरिकन शिल्पकार अलेक्झांडर काल्डरसारखी. म्हणून भुसावळला एका ओळखीच्या घरी विक्रेत्याने काल्डरची सही असलेला लिथोग्राफ, म्हणजे दगडावरून किंवा पत्र्यावरून छापलेलं चित्र, समोर धरला, तेव्हा माझे हात थरथरले.

लाल, काळे, पिवळे गोल. खाली एका कोपऱ्यात पेन्सिलीने ४७/७५, म्हणजे पंच्याहत्तर प्रतींतली सत्तेचाळिसावी, दुसऱ्यात सही. मी फसलो तो त्याने सांगितलेल्या हकिगतीमुळे. काल्डर १९५५ साली अहमदाबादला साराभाई कुटुंबाकडे राहिला आणि तिथे त्याने शिल्पं केली, हे खरं आहे. त्याच ओळखीतून हा कागद सुरतेच्या एका घरी आला, आता तिथे वाटण्या होताहेत, असं तो म्हणाला. पहिली गोष्ट मला ठाऊक होती, म्हणून दुसरीही मी मानली. ‘सर, उद्या मुंबईची पार्टी येतेय.’ केळीचे पैसे नुकतेच हाती आले होते. ८५,००० रुपये तिथल्या तिथे फोनवरून पाठवले. फ्रेम त्याने उघडू दिली नाही, तेव्हाच उठायला हवं होतं.

महिन्याभराने जळगावच्या सराफ मित्राने फ्रेम उघडून डोळ्याला भिंग लावलं. लिथोग्राफात चित्रकार दगडावर किंवा जस्ताच्या पत्र्यावर तेलकट खडूने काढतो, शाई त्या तेलकट जागीच धरते. त्यामुळे रंग सलग दिसतो, नाहीतर खडूसारखा रवाळ. इथे लग्नपत्रिकेवरच्या फोटोत असतात तसे ओळीने ठिपके होते. सहीतसुद्धा! खरी पेन्सिल तिरप्या उजेडात चमकते. ही चमकत नव्हती. सोबतच्या प्रमाणपत्रावर ‘१९७८ साली कलाकाराने स्वतः सही केलेली प्रत’ असं होतं. काल्डर नोव्हेंबर १९७६ मध्येच वारला. हे साल मी वर्गात कितीदा सांगितलं असेल.

भिंगावरही सगळं सोडू नका. पॅरिसच्या ‘देरिएर ल मिरवार’ या नियतकालिकात काल्डरचे अस्सल लिथोग्राफ असायचे, पण बिनसहीचे. ते पान सुटं करून खाली सही ठोकली, तर ठिपके सापडणार नाहीत. मधली घडी आणि पाठीमागची छपाई तपासा.

विक्रेत्याचा फोन बंद आहे. सायबर फसवणुकीसाठीच्या १९३० या हेल्पलाइनवर तक्रार केली, पण महिना उलटून गेला होता, खात्यातले पैसे काढून झाले होते.

परवा धुळ्याच्या एका शिक्षक मित्राने, घेऊ का म्हणून, फोटो पाठवला. तीच काळी चौकट, तीच सही. पंच्याहत्तर प्रतींत एका आकड्याची एकच प्रत असते. त्याच्यावरही ४७/७५ आहे.