ई-रीडरवर मराठी वाचन: बऱ्याच महिन्यांच्या वापरानंतर

दिवाळीत घेतलेला सहा इंची ई-रीडर आता पावसाळा सरत आला तरी रोज हातात असतो, म्हणून सविस्तर लिहिते. आमच्या घरी मराठी कथा-कादंबऱ्या, इतिहास आणि थोडंफार इंग्रजी वाचलं जातं. आधीच सांगून टाकते: यंत्र उत्तम आहे, पण त्यावर मिळणारं मराठी अजून धड नाही. त्यामुळे माझी छापील पुस्तकांची खरेदी तसूभरही कमी झालेली नाही.

मोबाईलवर तासभर वाचलं की डोळे चुरचुरतात, तसं इथे होत नाही. ई-इंकच्या पडद्यात केसाच्या जाडीच्या कुप्या असतात आणि त्यांत विद्युतभारित काळे-पांढरे कण. पान बदलताना हे कण खालीवर होतात आणि मग जागच्या जागी राहतात. वीज लागते ती पान उलटताना आणि दिवा लावला तर, म्हणून एकदा चार्ज केलं की आठवडेच्या आठवडे बघावं लागत नाही. कोल्हापुरात रंकाळा तलावाकाठी भर उन्हात बसलं तर मोबाईलचा आरसा होतो, याच्यावर मात्र अक्षर आणखी खुलतं. रात्री महालक्ष्मी एक्सप्रेसमध्ये डब्यातले दिवे मालवले की वरच्या बर्थवर याचा मंद पिवळा उजेड पुरतो आणि शेजारच्याची झोपही मोडत नाही.

सगळ्यात जास्त फायदा आईला झाला. मोतीबिंदूच्या ऑपरेशननंतर तिनं बारीक टाइपाची पुस्तकं बाजूलाच ठेवली होती. अक्षर मोठं करून दिलं, तर दोन दिवसांत कादंबरी संपवली आणि म्हणाली, "पुढची कुठली आहे गं यात?" एवढ्या एका गोष्टीसाठी पैसे वसूल झाले असं मी मनापासून म्हणते.

आता मराठीचं. मोठ्या प्रकाशकांची अलीकडची ई-पुस्तकं बहुतेक नीट असतात. गोंधळ आहे तो जुन्या पुस्तकांच्या ई-आवृत्त्यांत. युनिकोडच्या (संगणकावर अक्षरं साठवायच्या आजच्या सामाईक पद्धतीच्या) आधीच्या फॉन्टमध्ये जुळवलेला मजकूर संगणकानं बदलून घ्यायचा आणि पुन्हा कुणी वाचायचाच नाही, असं झालेलं स्पष्ट दिसतं. रफार शेजारच्या अक्षरावर जाऊन बसतो, 'ऱ्या'मधला अर्धा र सुटा पडतो, पोटफोड्या ष नको तिथे उगवतो. मी विकत घेतलेल्या एका कथासंग्रहात पानापानावर हेच होतं. भावुक प्रसंग रंगात आलेला असताना शब्द जुळवत बसावं लागतं, तेव्हा लेखकावर अन्याय होतो. शिवाय अक्षर मोठं केलं की ओळ दोन्हीकडून सारखी करण्याच्या नादात शब्दांमध्ये भगदाडं पडतात, कारण आपले लांब सामासिक शब्द ओळीच्या टोकाला तोडायची सोय बहुतेक ठिकाणी नाही. सेटिंगमध्ये डावीकडून सरळ मांडणी निवडता येत असेल तर तीच ठेवा.

फुकटचं मराठी भरपूर आहे, हे खरं. राज्य साहित्य आणि संस्कृती मंडळाची कितीतरी पुस्तकं पीडीएफमध्ये उतरवून घेता येतात, मराठी विश्वकोश ऑनलाइन खुला आहे. आपल्याकडे लेखकाच्या निधनानंतर ६० वर्षांनी स्वामित्वहक्क संपतो, त्यामुळे जुनं साहित्यही स्कॅन होऊन येतं. पण स्कॅन म्हणजे पानाचा फोटो. सहा इंचांवर ते मुंगीएवढं दिसतं आणि मोठं केलं की प्रत्येक ओळ सरकवत वाचावी लागते. अशा वाचनाला मोठा टॅब्लेट किंवा लॅपटॉपच बरा. १८८६ सालचं कोल्हापूरचं इंग्रजी गॅझेटियर मी लॅपटॉपवरच चाळते. त्यात गावाचं नाव टाकलं की क्षणात पान सापडतं, हे सुख कागदावर नाही. मराठी स्कॅनमध्ये मात्र बहुतेक वेळा ही शोधायची सोय नसते.

इतिहासाचं पुस्तक वाचताना मी सारखी मागेपुढे जाते. वंशावळ मागे, नकाशा मध्ये, टीपा शेवटी. छापील पुस्तकात तीन बोटं तीन ठिकाणी अडकवून हे चालतं. तो तपशील डाव्या पानावर खालच्या अंगाला होता, एवढं तरी आठवतं. ई-रीडरवर नुसते टक्के दिसतात. २०१८ साली स्पेनमधल्या डेलगाडो आणि सहकाऱ्यांनी ५४ अभ्यास एकत्र तपासले, त्यात १,७०,००० हून अधिक वाचक होते. माहितीपर मजकूर कागदावर जास्त चांगला समजतो आणि गोष्टीरूप मजकुरात तसा फरक दिसत नाही, असं त्यांना आढळलं. माझा अनुभव अगदी हाच. कादंबरी ई-रीडरवर मजेत होते, इतिहास कागदावरच.

कोल्हापुरात राहणाऱ्यानं आणखी एक विचार करावा. २०१९ आणि २०२१ च्या पुरात पंचगंगेचं पाणी घरांत शिरलं, तेव्हा कपाटातल्या खालच्या खणातली पुस्तकं किती जणांची गेली! पूर नसला तरी आपल्या पावसाळ्यात पानं सर्द होतात, पुठ्ठ्यांवर बुरशी धरते, कसर लागते. विकत घेतलेलं ई-पुस्तक खात्यावर सुरक्षित राहतं. पण ते मैत्रिणीला वाचायला देता येत नाही. आपण घेतो तो फक्त वाचण्याचा परवाना. माझ्याकडची निम्मी पुस्तकं चार घरं फिरून आलेली आहेत, ते या यंत्रावर थांबलं आणि मला त्याचं खरंच वाईट वाटतं.

म्हणून वाचनालयाची वर्गणी बंद करू नका. करवीर नगर वाचन मंदिर १८५० सालचं आहे. सार्वजनिक ग्रंथालयांचा देशातला पहिला कायदाही कोल्हापूर संस्थानानंच १९४५ मध्ये केला. इतकी जुनी सोय हाताशी असताना फक्त मराठी वाचणाऱ्यानं घाईनं ई-रीडर घ्यावा असं मी म्हणणार नाही. घरात नजर कमी झालेलं माणूस असेल, प्रवास फार असेल किंवा इंग्रजी वाचन बरंच असेल, तर जरूर घ्या. मराठी ई-पुस्तक विकत घेण्याआधी फुकट मिळणारा नमुना उघडून दोन-तीन पानं नीट वाचा. जोडाक्षरं फुटलेली दिसली तर ते पुस्तक छापीलच घ्या आणि प्रकाशकाला तसं कळवाही.