तीन भाषा, बुटांचा खोका आणि सात-पाचची बस: अकरा महिने वापरून झाल्यावर

जर्मन, जपानी आणि फ्रेंच. गेल्या जूनपासून या तिन्हींचा अभ्यास रोजच्या दिवसात बसवायची धडपड चाललीय, तिला आता अकरा महिने होतील. ऑफिसात, क्लासात, एकदा तर भाजीच्या गाडीवरसुद्धा "अगं, जमतं कसं तुला?" असं विचारून झालंय, म्हणून एकदाच सविस्तर लिहून टाकते. वापरलेल्या वस्तू तीन: मोबाइलवरचं अँकी (शब्दांची कार्डं दाखवणारं ॲप), बुटांच्या खोक्यात ठेवलेली कागदी कार्डं आणि एक दोनशे पानी वही. वेळ रोज साधारण पाऊण तास. जमतं का, तर जमतं. पण तिन्ही भाषा सारख्या जमत नाहीत, आणि एवढं कबूल करायलाच मला तीन महिने लागले.

मी कोथरूडला राहते आणि चाकणच्या एका कंपनीत परचेसला आहे. जर्मन आणि जपानी पुरवठादारांशी रोजचा संबंध. फ्रेंच अकरावी-बारावीतलं, पुण्यात पुष्कळ मुलं घेतात त्याच कारणाने घेतलेलं: मार्क पडतात. ते पार गंजलं होतं, म्हटलं घासून काढू. कंपनीची बस कर्वे पुतळ्याला सात-पाचला येते आणि नाशिक फाट्याच्या कृपेने चाकणला पोचायला सव्वा तास सहज लागतो. हा सव्वा तास म्हणजे माझी खरी इस्टेट.

जूनमध्ये मी एक्सेलमध्ये तीन रंगांचं वेळापत्रक केलं होतं. पाच ते पावणेसहा जर्मन, पावणेसहा ते सव्वासहा जपानी, बसमध्ये फ्रेंच, रात्री दहा ते अकरा सगळ्याची उजळणी. प्रिंट काढून लॅमिनेट केलं आणि फ्रिजवर लावलं. नवऱ्याने ते नीट वाचलं आणि "आणि डबा?" एवढंच विचारलं. एकोणीस दिवस चाललं. विसाव्या दिवशी गॅस संपला, एकविसाव्या दिवशी मुलाला ताप, आणि मग कागदावरचं वेळापत्रक आणि घरातला दिवस यांची पुन्हा गाठ पडलीच नाही. तो लॅमिनेट केलेला कागद हल्ली पोळपाटाखाली असतो. तिथे मात्र टिकलाय.

आता अँकी. काँप्युटरवर आणि अँड्रॉइडवर फुकट आहे, आयफोनवर पैसे पडतात. काम सरळ आहे. शब्द आठवला तर तो लांबच्या तारखेला परत येतो, चुकला तर लगेच. घोळ मी घातला. ॲप मुळात प्रत्येक संचात रोज २० नवी कार्डं देतं. माझे संच तीन, म्हणजे रोज ६० नवे शब्द. पहिला आठवडा हवेत होते. पण नवं कार्ड एकदा येऊन थांबत नाही, ते उद्या, परवा, चार दिवसांनी पुन्हा दारात उभं राहतं. तिसऱ्या आठवड्यात रोजची उजळणी ३८० कार्डांवर गेली. उजळणीवर २०० ची मर्यादा असते, ती मी शहाणपणा करून ९,९९९ केली होती. मग २७ ऑगस्टला गणपती बसले, पाठोपाठ गौरी, घरात पंधरा माणसं. मोबाइल हातात यायचा तो आरत्यांसाठीच. विसर्जनानंतरच्या सोमवारी बसमध्ये अँकी उघडलं तर १,४१२ कार्डं वाट बघत बसलेली. मी ते बंद केलं आणि चाकणपर्यंत झोपले.

त्या आठवड्यात ही सगळी व्यवस्था मोडीत निघणार होती. निघाली नाही, कारण मी दोन गोष्टी केल्या. जर्मनची रोज ५ नवी कार्डं, जपानीची ४, आणि फ्रेंचची शून्य. होय, शून्य. फ्रेंचची जुनी कार्डं येतील तेवढीच बघायची. दुसरं म्हणजे 'किमान दिवस' ठरवला: काहीही झालं तरी पाच मिनिटं फक्त जुनी कार्डं, नवीन काही नाही. दिवाळीत फराळाच्या आठवड्यात सलग सहा दिवस किमानच झाले, पण डोंगर साचला नाही. हजाराच्यावर तुंबलेली कार्डं मी पुसली नाहीत, रोज ५० जास्तीची काढत ऑक्टोबरपर्यंत संपवली.

त्याआधी एक फुकट ॲपही वापरून झालं होतं, रोज न चुकता आलात की दिवस मोजून दाखवणारं. माझे ४७ दिवस सलग झाले होते आणि मला बाजारात भाव विचारता येत नव्हता. त्यावर आणखी काय लिहिणार!

कागदी कार्डांवर मात्र लिहायचंय. विसरण्याचा अभ्यास जुना आहे. हेर्मान एबिंगहाउस यांनी निरर्थक अक्षरजोड्या स्वतःच पाठ करून, स्वतःच किती विसरतो ते मोजून १८८५ साली छापलं. पुढे १९७२ मध्ये सेबास्टियान लाइटनर यांनी कप्प्यांच्या खोक्याची युक्ती मांडली. दोघंही लिहिणार जर्मनमध्ये, म्हणजे मी जिच्यापुढे रोज हात टेकते त्याच भाषेत. खोक्याला पाच कप्पे. पहिला रोज बघायचा, दुसरा एक दिवसाआड, मग चार दिवसांनी, आठवड्याने, पंधरवड्याने. बरोबर आलं की कार्ड एक कप्पा पुढे, चुकलं की थेट पहिल्यात. अप्पा बळवंत चौकात लग्नपत्रिकांच्या जाड कागदाचे कापलेले तुकडे वजनावर मिळाले, खोका मुलाच्या शाळेच्या बुटांचा, कप्पे पुठ्ठ्याचे. एक सूचना: जेल पेन नको. जुलैच्या दमट हवेत माझी साठेक कार्डं निळी-जांभळी झाली. साधं बॉलपेन वापरा.

जपानी मी फक्त या खोक्यावर ठेवलंय, जर्मन फक्त बसमध्ये मोबाइलवर, आणि फ्रेंच रविवारी ओट्यापाशी कानात. ही वाटणी उगाच केलेली नाही. ऑगस्टपर्यंत मी तिन्ही भाषा एकाच बैठकीत करायचे आणि जर्मनच्या क्लासात 'पण' म्हणताना तोंडातून 'आबर'ऐवजी फ्रेंच 'मे' बाहेर पडायचं. एकदा तर बाईंना जपानी 'हाय' म्हणून होकार दिला. गंमत म्हणजे मराठी कधी मध्ये घुसत नाही. परक्या भाषा एकमेकींच्या अंगावर जातात, घरची भाषा लांबून बघत असते. लिंगांचा गोंधळ तर विचारू नका. आपला सूर्य तो आणि चंद्रही तो. जर्मनमध्ये सूर्य ती, 'डी झोने', आणि चंद्र तो, 'देअर मोंड'. फ्रेंचमध्ये बरोबर उलटं: सूर्य तो, 'ल सोलेय', आणि चंद्र ती, 'ला ल्यून'. पाठोपाठ पाठ केलं की आकाशात कोण बाई आणि कोण बुवा याचा पत्ता लागत नाही. जागा आणि वेळ वेगळी केल्यापासून हे निम्म्याहून कमी झालं. पूर्ण थांबलेलं नाही.

आता मराठीचा फायदा, कारण आमच्या क्लासात मी सोडून कोणी हे बोलत नाही आणि सगळे इंग्रजीतून नोट्स काढतात. जपानी शिकताना मी इंग्रजी बाजूला ठेवलं त्या दिवशी निम्मं व्याकरण आपोआप सुटलं. 'काल घेतलेलं पुस्तक' हे जपानीत 'किनो कात्ता होन', शब्दाला शब्द त्याच क्रमाने. 'खाऊन बघतो' म्हणजे 'ताबेते मिरु', आणि तो 'मिरु' म्हणजे खरोखर बघणंच. 'खाऊन टाकलं' म्हणजे 'ताबेते शिमात्ता'. इंग्रजीतून शिकणारे यावर पानभर स्पष्टीकरण वाचतात, आपण लहानपणापासून करून बघतोय आणि खाऊन टाकतोय. उच्चारांचंही तसंच. जपानी 'चि' आणि 'त्सु' वेगळे काढताना शेजारचा मुलगा घामाघूम झाला होता. त्याला म्हटलं, "चिंचवड म्हण." पहिला च एक, दुसरा च दुसरा. चमचा, चूक यांच्यातला तो दाताला लागणारा च घेतला की जर्मनमधलं 'त्साइट' पण सुटतं.

आकडे हा माझ्या कामाचा भाग. जर्मन माणूस २५ ला 'पाच आणि वीस' म्हणतो. आपल्या पंचविसात पाच आधीच बसलेले आहेत, त्यामुळे फोनवर आकडा ऐकताना मी गडबडत नाही. फ्रेंच ९७ म्हणजे चार-वीस-दहा-सात. विसांत मोजणाऱ्या आमच्या गावाकडच्या आजीला ते लगेच पटलं असतं. जपानीत मोठं एकक दहा हजाराचं, 'मान'. लाख म्हणजे दहा मान. ३५ लाख येनचं कोटेशन आलं की आधी ३५० मान म्हणायचं. हे एवढं एक कार्ड मी चौदा वेळा चुकलेय.

परीक्षांचं काय झालं ते सांगायला हवं, नाहीतर नुसतीच शेखी. ७ डिसेंबरला पुण्यातच जपानीची एन-फाइव्ह, म्हणजे सगळ्यात खालची पायरी, दिली. पास व्हायला १८० पैकी ८० लागतात आणि शिवाय ऐकण्यात ६० पैकी निदान १९. एकूण १०९ आले, ऐकण्यात २२. काठावर. कारण उघड होतं: खोका ऐकवत नाही. शिवाय वाचताना मी फार हळू होते, कारण सुरुवातीची तीनशे कार्डं मी पुढच्या बाजूला देवनागरीत लिहिली होती. देवनागरीत जपानी इतकं छान बसतं की मोह आवरत नाही, पण पेपरात देवनागरी नसते. जानेवारीत ती सगळी कार्डं फाडून नव्याने लिहिली: पुढे जपानी लिपी, मागे उच्चार आणि अर्थ.

मार्चमध्ये जर्मनची बी-वन, म्हणजे तिसरी पायरी. चार भाग वेगवेगळे देता येतात, प्रत्येकात १०० पैकी ६० हवेत. वाचन, ऐकणं, बोलणं निघालं. लेखनात ५३. हजाराच्यावर शब्द ओळखता येत होते आणि शेजाऱ्याला निमंत्रणाचं पत्र लिहिता येत नव्हतं. कार्डांची ही मोठी उणीव आहे आणि आधी कोणी सांगत नाही: कार्ड बघून शब्द ओळखता येतो, तो वाक्यात कुठे बसवायचा ते कार्ड शिकवत नाही. तेव्हापासून रात्री वहीत तीन वाक्यं लिहायची. विषय ठरलेला, आजचा दिवस. 'बस उशिरा आली म्हणून' हे जर्मनमध्ये 'वाइल देअर बुस त्सु श्पेट गेकोमेन इस्ट', क्रियापद आपल्यासारखं शेवटी. लिहायला लागल्यावरच ते हाताला कळलं. आठवड्याची वाक्यं क्लासातल्या बाई शनिवारी तपासून देतात, त्यांचे उपकार. लेखनाचा भाग पुन्हा देणार आहे.

ऐकण्यासाठी दोन फुकट गोष्टी उपयोगी पडल्या. डॉइच वेले या जर्मन प्रसारण संस्थेच्या सावकाश वाचलेल्या बातम्या, सोबत मजकूर असतो, आणि फ्रेंचसाठी आर-एफ-आय या फ्रेंच रेडिओचं सोप्या फ्रेंचमधलं दहा मिनिटांचं बातमीपत्र. रविवारी मेथी निवडून होईपर्यंत एक बातमीपत्र संपतं. जोडीला तेवढंच फ्रेंच. वाढत नाही, पण निदान आणखी गंजत नाही, आणि सध्या मला एवढं पुरे आहे. ज्यांना तिन्ही भाषा एकाच वर्षात सारख्या पुढे न्यायच्यात, त्यांच्या उपयोगाची ही पद्धत नाही. ज्यांना रोज सव्वा तास बसून प्रवास नाही, त्यांनीही माझे आकडे तसेच उचलू नयेत.

सासूबाईंचं सांगायचं राहिलं. सुरुवातीला त्यांचा प्रश्न होता, "एवढं जपानी शिकून जायचंय कुठे तुला?" मी म्हटलं, "आई, ज्यांच्या नावाने आपल्याकडे मॅक्स म्युलर भवन आहे, ते संस्कृतचे जर्मन पंडित आयुष्यात भारतात आले नव्हते." त्यांना ते पटलं नाही. पण सकाळी पावणेसहाला त्या चहा घेऊन टेबलाशी बसतात, मी खोका काढते, आणि कधीतरी नोव्हेंबरात त्यांनी कार्डं स्वतःच्या हातात घेतली. मागची देवनागरी वाचायची आणि मला विचारायचं. "इनू म्हणजे कुत्रा ना? काल पण चुकली होतीस. पहिल्यात टाक." कप्पे त्याच सांभाळतात, आणि माझ्यापेक्षा कडक.

५ जुलैला जपानीची पुढची पायरी, एन-फोर, आहे, म्हणून जर्मनची नवी कार्डं तोवर शून्यावर आणलीत आणि जपानी रोज ८. गेल्या सोमवारी मी 'नु' आणि 'मे' या दोन अक्षरांत पुन्हा अडकले. दोन्ही जवळजवळ सारखी दिसतात. आईंनी कार्ड उलटलं नाही. बशीतला चहा बाजूला ठेवला, चष्मा वर केला आणि अक्षराच्या खालच्या टोकावर बोट ठेवून म्हणाल्या, "ही गाठ दिसत नाही का तुला? गाठीचा तो नु."