विनाकारण कोंडी: बदलती वेगमर्यादा की स्वयंचलित गाडी?

अपघात नाही, खोदकाम नाही, तरी रस्ता तुंबतो. एकाने ब्रेक दाबला की मागचा जरा जास्त दाबतो, आणि ती लाट मागे मागे सरकत जाते.

लंडनभोवतीच्या एम-२५ या महामार्गावर १९९५ पासून बदलती वेगमर्यादा आहे. गर्दी वाढली की फलकावर ताशी ६०, ५०, मग ४० मैल. वेग कमी झाला की पुढच्या गाडीपासूनचं अंतरही कमी पुरतं: दोन सेकंदांचं सुरक्षित अंतर ७० मैलांना सुमारे ६३ मीटर होतं, ४० ला ३६. म्हणून गर्दीतही जोरात ब्रेक दाबायची वेळ कमी येते. मात्र मर्यादा पाळली जायला वेग टिपणाऱ्या कॅमेऱ्याचा धाक हवाच.

अमेरिकेत ॲरिझोनातल्या एका प्रयोगात वीसेक गाड्यांत एकच स्वयंचलित होती. पुढची जागा भरायला ती धावली नाही आणि लाट विरली. पण ती एकाच लेनची गोल वाट होती. महामार्गावर त्या फटीत शेजारचा घुसतो. आज तरी फलकच आधी लावावेत.