पिवळ्या टोपणाच्या चोवीस बाटल्या: नऊ महिन्यांनंतर

मार्चमध्ये वेस्टफ्लेटरेनच्या मठातून 'बारा' या बिअरचा एक क्रेट आणला होता. आता डिसेंबर लागलाय आणि तळघरात चार बाटल्या उरल्यात. बेल्जियममध्ये लूव्हनला राहायला आल्यापासून भारतातून येणारा दर दुसरा पाहुणा विचारतो, "ती जगातली सगळ्यात भारी बिअर खरंच तेवढी भारी आहे का?" एकदाचं लिहून टाकतो.

आधी ही भानगड काय ते. बेल्जियमच्या पश्चिम टोकाला, फ्रान्सच्या सीमेजवळ सिंट सिक्स्टस नावाचा ट्रॅपिस्ट (कॅथलिक साधूंच्या एका पंथाचा) मठ आहे. तिथले साधू मठाचा खर्च भागेल एवढीच बिअर बनवतात, मागणी कितीही असो. २००५ मध्ये एका बिअर-रेटिंग संकेतस्थळाने त्यांच्या 'बारा'ला जगात पहिला नंबर दिला आणि गावातल्या अरुंद रस्त्यावर गाड्यांची रांग लागली. पूर्वी फोन करून नंबर लावावा लागे आणि तो फोन लागता लागत नसे. २०१९ पासून ऑनलाइन नोंदणी आहे. गाडीचा नंबर द्यायचा, ठरलेल्या वेळी जायचं आणि 'पुढे विकणार नाही' हे मान्य करायचं. मला तिसऱ्या प्रयत्नात वेळ मिळाली. जाताना दीडशेहून जास्त किलोमीटर, पोपरिंगेच्या हॉप्सच्या (बिअरला कडवटपणा देणाऱ्या वेलीच्या) शेतांमधून. मार्चमध्ये तिथे नुसते खांब उभे असतात. आपल्याकडच्या द्राक्षबागेची छाटणी झाल्यासारखं दिसतं.

आता मुद्द्याचं. मठात बाटलीमागे दोन-अडीच युरो पडले. तीच बाटली ब्रसेल्सच्या पर्यटकी गल्लीत एका दुकानात पंधरा युरोंना होती. मधल्या साडेबारा युरोंत बिअरचा एक थेंबही वाढत नाही.

चव? पहिली बाटली आणल्या रात्रीच उघडली आणि फ्रिजमधून काढून तशीच प्यायलो. चूक झाली. १०.२ टक्के अल्कोहोल नुसतं घशाला लागलं, बाकी काही कळलं नाही. मे महिन्यात तळघरातली एक बाटली थेट ग्लासात ओतली, तळाचा यीस्टचा गाळ बाटलीतच ठेवून. तेव्हा खजूर, मनुका, काकवी आणि शेवटी भाजलेल्या पावाच्या कडेसारखी कडसर चव आली. ऑक्टोबरपर्यंत ती आणखी गोलावली. बाटलीत यीस्ट जिवंत असतं, त्यामुळे हा बदल चालूच राहतो. ही बिअर छान आहे, खूपच छान आहे. त्यात वादच नाही.

वाद पुढे आहे. वीस मिनिटांवरच्या वाटू गावात सेंट बर्नार्डसची ब्रुअरी आहे. १९४६ ते १९९२ ही मंडळी मठाच्याच परवान्याने मठाच्या नावाची बिअर बनवत होती. त्यांची आजची आब्ट १२ आमच्या कोपऱ्यावरच्या सुपरमार्केटात कधीही मिळते, किंमत मठातल्यासारखीच. जूनमध्ये चार मित्रांना बोलावलं आणि बायकोने स्वयंपाकघरात तीन ग्लास भरून दिले: मठाची बारा, आब्ट १२ आणि रोशफोर १० ही दुसऱ्या एका ट्रॅपिस्ट मठाची बिअर. कुठला कोणता ते तिलाच ठाऊक. दोघांनी आब्टला पहिला नंबर दिला, एकाने रोशफोरला. चौथा तिन्ही संपवून "परत एकदा घ्यावं लागेल" म्हणाला. आणि मी, क्रेटचा मालक, आब्टचा ग्लास नाकाशी धरून छातीठोकपणे म्हणालो, "ही मठाची." बायको अजून चारचौघांत सांगते.

जुलैत पुण्याला सहा बाटल्या नेल्या. भारतात करमुक्त दारू नेण्याच्या दोन लिटरच्या मर्यादेत ३३ सेंटिलिटरच्या सहाच बसतात. दाजींनी त्या फ्रीझरमध्ये टाकल्या, वर ग्लासात बर्फ घातला, चकलीचा तुकडा मोडला आणि म्हणाले, "खोकल्याच्या औषधासारखी लागते रे. तुमच्याकडे साधी मिळत नाही का?" मी काही बोललो नाही. तेवढ्या गार केल्यावर ती खरंच तशी लागते.

म्हणजे महागडी बिअर घ्यायचीच नाही का? तसंही नाही. ब्रसेल्सच्या आंदरलेख्तमध्ये १९०० पासून चालू असलेली कांतियाँ ही लॅम्बिक नावाच्या आंबट बिअरची ब्रुअरी आहे. धान्याचा उकळलेला रस उथळ तांब्याच्या हौदात रात्रभर उघडा ठेवतात. विरजण बाहेरून घालत नाहीत, हवेतलं आणि पिंपातलं जे येईल ते. हे फक्त थंडीच्या महिन्यांतच जमतं. मग ती लाकडी पिंपांत मुरते आणि एक, दोन, तीन वर्षांच्या पिंपांचं मिश्रण म्हणजे ग्यूझ. वास भिजलेल्या गोणपाटाचा, चव कैरीच्या फोडीसारखी आंबट. पहिल्या घोटाला मी तोंड वाकडं केलं होतं; आता महिन्याला एक मोठी बाटली आणतो. पंधरा-सोळा युरो लागतात आणि ते मला खुपत नाहीत, कारण तीन वर्षं कुणीतरी पिंप अडवून बसलेलं असतं. अर्थात ही किंमत ब्रुअरीत जाऊन घेतली तर. अमेरिकेत याच बाटल्या दुसऱ्या हाती कितीतरी पटींनी विकल्या जातात, तिथे पुन्हा वेस्टफ्लेटरेनचीच गोष्ट.

क्रेटसाठी पुन्हा नंबर लावलेला नाही. गाडी त्या बाजूला निघालीच तर मठासमोरच्या कॅफेत बसून एक ग्लास पिईन. सोबत चीजही मिळतं. रिकाम्या बाटल्या मात्र अजून परत करायच्यात. लाकडी खोका जाणार नाही, त्याची अनामत बुडाली तरी चालेल. बायकोने त्यात कांदे-बटाटे ठेवलेत आणि हवा खेळती राहत असल्याने ते चांगले टिकतात.